पिशवी काढल्यानंतरचा सव्वा महिना

विज्ञान आणि आरोग्याच्या राष्ट्रीय बातम्यांत एक बातमी ठरावीक काळाने परत येते. शहर बदलते, आकडा बदलतो, मजकूर तोच राहतो. अमुक रुग्णालयात एका महिलेच्या पोटातून इतक्या किलोची गाठ यशस्वीरीत्या काढली; शस्त्रक्रिया इतके तास चालली; डॉक्टरांच्या पथकाचे सर्वत्र अभिनंदन होत आहे. सोबत छायाचित्र असते. स्टीलच्या ट्रेमध्ये मांसाचा गोळा, मागे हिरव्या गाऊनमधले पथक. रुग्ण छायाचित्रात नसते. शेवटची ओळही ठरलेली असते: रुग्णाची प्रकृती स्थिर असून तिला चौथ्या दिवशी घरी सोडण्यात आले.

बातमी तेथे संपते आणि त्या स्त्रीचे खरे काम तेथून सुरू होते. घरी म्हणजे कोठे? चौथ्या मजल्यावरच्या, लिफ्ट असलेल्या सदनिकेत, की पाचटाच्या कोपीत? तिच्यासाठी पाणी कोण भरणार होते? सहाव्या आठवड्यात तिचे हिमोग्लोबिन किती होते? ती कामावर केव्हा परतली आणि परतल्यावर पहिल्या दिवशी तिने किती किलो उचलले? या प्रश्नांना विज्ञानवार्तेत जागा नाही, कारण त्यांचे वजन ट्रेमध्ये करता येत नाही.

आधी त्या किलोंच्या कौतुकाचा समाचार घेणे आवश्यक आहे. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतून वाढणारी, बहुतांशी निरुपद्रवी गाठ. ती एका रात्रीत पाच किलोंची होत नाही, तिला वर्षे लागतात. त्या वर्षांत ती बाई दर महिन्याला कपड्यांच्या घड्यांवर घड्या बदलत असते, धाप लागली तरी चूल पेटवत असते, पोट वाढले म्हणून शेजारणींची कुजबुज ऐकत असते. साध्या सोनोग्राफीत ही गाठ सुपारीएवढी असतानाच दिसू शकते. तेव्हा गाठ जितकी मोठी, तितका आरोग्यव्यवस्थेचा उशीर मोठा, इतकाच त्या आकड्याचा अर्थ आहे. उशिराचे प्रमाणपत्र पराक्रम म्हणून छापले जाते आणि वाचक त्याखाली टाळ्यांची चिन्हे उमटवतात, हा प्रकार विज्ञानाच्या नावावर खपवून घेण्यासारखा नाही.

या गाठींचे शास्त्र काय सांगते? अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पन्नाशीपर्यंत सुमारे ७० टक्के गौरवर्णीय व ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गर्भाशयात कधी ना कधी अशा गाठी आढळतील, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे ही अपवादाची गोष्ट नव्हे. बहुसंख्य स्त्रियांना त्यांचा पत्ताही लागत नाही. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन उतरते आणि गाठी आपसूक आक्रसू लागतात. गाठ म्हणून काढलेल्या ऊतीत कर्करोग निघण्याचे प्रमाण अत्यंत कमी असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली केलेला, सर्वांत धास्तीचा म्हणावा असा अंदाजही साडेतीनशेत एक इतकाच होता आणि पुढील अभ्यासांनी तो आणखी खाली आणला. तरीही तालुक्याच्या गावात सोनोग्राफीचा कागद हातात ठेवताना जो शब्द हमखास उच्चारला जातो, तो कॅन्सर. त्या एका शब्दानंतर स्त्रीचा निर्णय तिचा उरत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. शस्त्रक्रियेविरुद्ध तक्रार नाही. ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन पाचावर उतरले आहे, जिला औषधांनी गुण आलेला नाही, जिच्या मूत्राशयावर गाठीचा दाब आहे, तिच्यासाठी गर्भाशय काढणे ही सुटका असू शकते आणि अनेकींसाठी ती असतेच. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचे लेव्होनॉर्जेस्ट्रेल स्रवणारे साधन, गाठीला रक्त पुरवणारी धमनी बंद करण्याचा १९९५ साली फ्रान्समधून प्रसिद्ध झालेला उपाय, फक्त गाठी काढून गर्भाशय राखणारी मायोमेक्टॉमी आणि शेवटी गर्भाशयच काढून टाकणारी हिस्टेरेक्टॉमी, अशी ही उतरंड आहे. तक्रार अशी की गरिबाच्या बाबतीत उतरंडीचे शेवटचे मडके आधी काढले जाते, आणि ते काढल्यानंतर त्या बाईचे काय होते हे पाहायला कोणी थांबत नाही.

मराठवाड्याच्या बोलीत गर्भाशयाला पिशवी म्हणतात. पिशवीला सूज आली, पिशवी खाली आली, पिशवी काढली. शब्द निरागस आहे, पण फार सोयीचा आहे. पिशवी म्हणजे रिकामी झाली की भिरकावून द्यायची वस्तू. दोन-तीन मुले झाली, नसबंदी झाली, आता पिशवीचे काम काय? हा प्रश्न सासू विचारते, नवरा विचारतो, मुकादम विचारतो आणि कधीकधी डॉक्टरही विचारतो. शरीरशास्त्राने त्याचे उत्तर केव्हाच दिलेले आहे. गर्भाशय काढताना अंडाशयेही काढली, तर स्त्रीला एका दुपारीत रजोनिवृत्ती येते. हाडांची झीज आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००६ सालच्या अभ्यासात पंचेचाळिशीपूर्वी दोन्ही अंडाशये काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. अंडाशये राखली तरी ती काहीशी लवकर थकतात, असे पुढील संशोधन सांगते. तिशीत पिशवी काढलेली बाई चाळिशीत म्हातारी का दिसते, या प्रश्नाचे उत्तर दैवात शोधण्याचे कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. मराठी घरात बाळंतिणीला सव्वा महिना मिळतो. घर कितीही गरीब असो, त्या चाळीस दिवसांची कल्पना सर्वांना असते. शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, डोक्याला बांधलेला रुमाल, जमल्यास माहेर. सोवळ्या-ओवळ्याच्या समजुतीतून आलेला का असेना, पण परंपरेने बाईला दिलेला तो एकमेव हक्काचा विसावा होता. आधुनिक प्रसूतिशास्त्रही प्रसूतीनंतरचा काळ सहा आठवड्यांचा, म्हणजे बेचाळीस दिवसांचा मानते. आजीचा हिशेब दोन दिवसांनी चुकला, एवढेच. आणि पोट उघडून गर्भाशय काढल्यानंतर शल्यचिकित्सक जो विश्रांतीचा काळ सांगतात, तोही सहा ते आठ आठवड्यांचाच आहे. शरीराची गरज तीच, पण समाजाची वागणूक निराळी. बाळंतिणीच्या मांडीवर मूल असते, घराला वारस मिळालेला असतो, म्हणून तिला लाडू. पिशवी काढलेली बाई रिकाम्या हाताने घरी येते. तिच्यासाठी डिंक कोणी तळत नाही. तिच्या विश्रांतीला नाव नाही, विधी नाही आणि म्हणूनच मुदतही नाही.

सहा आठवडे हा आकडा डॉक्टरांनी दयेपोटी सांगितलेला नाही. त्यामागे ऊतींचे गणित आहे. त्वचेवरचा छेद आठ-दहा दिवसांत मिटलेला दिसतो, टाके निघतात आणि घरच्यांना वाटते की बाई बरी झाली. पण पोटाला पोट म्हणून धरून ठेवणारे बळ त्वचेत नसते; ते तिच्याखाली स्नायूंवर ताणलेल्या चिवट पांढऱ्या पडद्यात असते. हा पडदा सावकाश सांधतो. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी भरणाऱ्या जखमेत मूळ बळाच्या २० ते ३० टक्केच बळ आलेले असते. तीन महिन्यांनी ते सुमारे ८० टक्क्यांवर पोचते आणि पूर्ववत कधीच होत नाही. पहिल्या आठवड्यांत घाईघाईने भरलेले कोलॅजन नंतर मोडून, तणावाच्या दिशेने नव्याने विणले जाते. विणकाम चालू असताना त्यावर ओझे टाकले तर वीण उसवते. त्यालाच पुढे हर्निया म्हणतात. योनिमार्गाच्या वरच्या टोकाला घातलेले टाकेही असेच कच्चे असतात; म्हणून तितका काळ शरीरसंबंध टाळण्यास सांगितले जाते. ही सूचना बाईला दिली जाते, नवऱ्याला क्वचितच.

दुसरे गणित रक्ताचे. वर्षानुवर्षे अंगावरून गेलेले रक्त शस्त्रक्रियेच्या दिवशी चढवलेल्या एका-दोन पिशव्यांनी भरून येत नाही. हिमोग्लोबिन वर आल्यानंतरही शरीरातील लोहाचा साठा भरण्यासाठी गोळ्या सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणारी बाई बहुधा आधीच अर्धी रिकामी असते.

विश्रांतीचा अर्थ मात्र अंथरुणाला खिळणे असा नाही आणि याबाबत जुन्या समजुतीही दुरुस्त होणे आवश्यक आहे. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की शस्त्रक्रियेनंतर लवकर उठवणे, लवकर खाऊ घालणे आणि वेदना नीट आवरणे यांनी रुग्ण अधिक वेगाने सावरतो. पहिल्याच दिवशी चालल्याने पायांतील शिरांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो. चालावे, हिंडावे, जेवावे. पण वाकून ओढू नये, घागर उचलू नये, डोक्यावर काही घेऊ नये. अनेक रुग्णालये चार-पाच किलोंची मर्यादा घालून देतात. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन ते चार आठवड्यांत हलकी कामे सुरू करता येतात, आणि हा लाभ खरा आहे. पण यंत्रमानवी हातांचे कौतुक करणाऱ्या बातम्यांनी लक्षात ठेवावे की दुर्बीण छेद लहान करते. आतल्या टाक्यांना भरायला लागणारा वेळ ती कमी करत नाही. ज्यांच्या फक्त गाठी काढल्या आणि गर्भाशय राखले, त्यांच्या गर्भाशयाच्या भिंतीलाही भरून यायला महिने लागतात. मूल हवे असेल तर तितके थांबण्याचा सल्ला त्यासाठीच असतो, नाहीतर प्रसूतीत तो व्रण फाटू शकतो.

चार-पाच किलो हा आकडा लक्षात ठेवून आता बीडला यावे.

ऊसतोडीला जाणारे जोडपे म्हणजे एक कोयता. माणसे दोन, पण मोजणीला अवजार एक. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता हलू शकत नाही. पहाटे फडात उतरायचे, नवऱ्याने तोडायचे, बायकोने मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायच्या. एक मोळी तीस-चाळीस किलोंची. रात्री-अपरात्री ट्रक आला की पुन्हा भरणी. राहायला कोपी, शौचाला उघडे रान, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाण्याचा पत्ता नाही. एक दिवस चुकला तर तो खाडा. अनेक ठिकाणी खाड्याचा दंड ५०० रुपये, म्हणजे न मिळालेल्या मजुरीच्या वर आणखी भुर्दंड. अशा हिशेबात पाळी हाच आजार ठरतो आणि पिशवी काढणे ही गुंतवणूक ठरते.

याचे आकडे सरकारदरबारी नोंदलेले आहेत. बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली, अशी माहिती जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत दिली. दिवसाला चारांहून अधिक. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के भरते. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१५-१६ साली, देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन पाहण्यांतील वयोगट तंतोतंत सारखे नसतील हे मान्य केले, तरी पाचपट तफावत वयाच्या फरकाने पुसली जात नाही.

या आकड्यांवर बोलणे पुष्कळ झाले. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याला नोटीस दिली. खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली गेली. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी ५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असा आदेश दिला. ती याचिका बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानमधील प्रकारांवरून आलेली होती. हे सर्व योग्यच झाले. पण या साऱ्या चर्चेचा रोख एकाच प्रश्नावर राहिला: शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती? प्रश्न महत्त्वाचा आहे. तोच एकमेव प्रश्न मानणे ही चूक आहे. कारण ज्या १३,८६१ जणींची पिशवी निघून गेली, त्यांच्यापैकी प्रत्येकीला, शस्त्रक्रिया गरजेची असो वा नसो, किमान सहा आठवड्यांचे देणे होते. बेरीज केली तर ती सुमारे ८३ हजार आठवड्यांची, म्हणजे जवळजवळ सोळाशे वर्षांची विश्रांती होते. ती कोणी दिली? कारखान्याने, मुकादमाने, रुग्णालयाने की शासनाने?

श्रावण-भाद्रपदात, हंगाम नसताना, सावकाराकडून किंवा मुकादमाकडूनच जादा उचल घेऊन शस्त्रक्रिया होते. दसऱ्यानंतर ट्रक निघतो. त्या दोहोंच्या मध्ये जेवढे दिवस उरतील, तेवढा तिचा सव्वा महिना. शस्त्रक्रियेचे कर्ज फेडण्यासाठी त्याच शस्त्रक्रियेचे टाके ओले असताना मोळी उचलायची, असे हे चक्र आहे. पाच किलोंची मर्यादा सांगणारा कागद कोपीच्या मेढीला खोचलेला असतो आणि बाई तीस किलो डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत असते. पुढे तिची कंबर धरते, पोट ओघळते, लघवी आवरत नाही. ती पुन्हा डॉक्टरकडे जाते. तेव्हा तिला सांगितले जाते की बाई, तुम्ही काळजी घेतली नाही.

येथे एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो आणि तो दुबळा नाही. बायका स्वतःच मागणी करतात, असे अनेक डॉक्टर सांगतात. गोळ्या दिल्या तर पुन्हा येत नाहीत, साधन बसवू देत नाहीत, म्हणतात एकदाच काय ते मोकळे करा. हे खरे आहे. पण मागणीची कारणे पाहावी लागतात. जिला दर महिन्याला तपासणीसाठी यायचे तर एक खाडा पडतो, जिच्या गावापासून सोनोग्राफी तीस-चाळीस किलोमीटरवर आहे, वर्षातले सहा महिने जी दुसऱ्याच जिल्ह्यात किंवा कर्नाटकात असते, तिला सहा महिने चालणारा उपचार म्हणजे थट्टा वाटणारच. तिने निवड केली हे खरे, पण जी दारे उघडी होती त्यांतूनच तिने निवड केली. शिवाय शस्त्रक्रिया मागणाऱ्या बाईने नंतरची विश्रांती नको असे कधी म्हटले होते? तिच्या संमतीपत्रात रक्तस्राव, भूल, संसर्ग यांचे धोके छापलेले असतात. सहा आठवडे मजुरी बुडेल, त्याची तजवीज आहे काय, हा प्रश्न त्यात नसतो. ज्या संमतीत सर्वांत खात्रीचा परिणाम सांगितलेला नाही, तिला समजून-उमजून दिलेली संमती म्हणणे कठीण आहे.

दुःखाची गोष्ट अशी की गर्भाशय वाचवण्याची मोठी परंपरा याच भूमीत होती. गोव्यात शिरोडा येथे १८९९ साली जन्मलेले आणि मुंबईत कीर्ती मिळवलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत आहे. सैल पडलेल्या गर्भाशयमुखाला टाका घालून गर्भ राखण्याची त्यांची पद्धत १९५५ साली प्रसिद्ध झाली. अंग बाहेर येण्याच्या विकारात गर्भाशय न काढता झोळीसारख्या पट्टीने वर टांगून ठेवण्याची शस्त्रक्रियाही त्यांचीच. त्याच मुंबईतील डॉ. पुरंदरे यांच्या नावाची, पोटाच्या पडद्याच्या पट्ट्यांनी गर्भाशय उचलून धरणारी शस्त्रक्रिया आजही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना परीक्षेत विचारली जाते. इंग्लंडमध्ये व्हिक्टर बॉनी यांनी पत्नीचे गर्भाशय गाठींपायी गेल्यानंतर आयुष्यभर मायोमेक्टॉमीचा पुरस्कार केला आणि एकाच गर्भाशयातून दोनशेहून अधिक गाठी काढून ते राखून दाखवले. या मंडळींना किलोंचे आकर्षण नव्हते. मागे काय शिल्लक राहिले आणि ते पुढे कसे चालले, यावर त्यांनी आपले कौशल्य मोजले. शिरोडकर आणि पुरंदरे यांच्या मुंबईपासून बीड चारशे किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात ती परंपरा कोठे गळाली, याचा शोध वैद्यकीय महाविद्यालयांनी घ्यावा.

प्रश्न बीडपुरता नाही आणि उसापुरताही नाही. चौथ्या पाहणीत गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचे प्रमाण आंध्र प्रदेशात ८.९ व तेलंगणात ७.७ टक्के होते. शेतमजुरीचे वेळापत्रक जेथे पावसाच्या किंवा धरणाच्या हाती असते, तेथे बाईच्या टाक्यांना कोणी विचारत नाही. कावेरीच्या खोऱ्यात प्रथेप्रमाणे १२ जूनला मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडतात आणि भातलावणीचा कुरुवै हंगाम सुरू होतो. कुंभकोणमजवळच्या तिरुनीलक्कुडीसारख्या गावात पोटरीभर चिखलात दिवसभर वाकून रोपे लावणाऱ्या स्त्रीला मे महिन्यातली शस्त्रक्रिया आणि जूनमधली लावणी यांचा मेळ घालता येणे तितकेच अवघड आहे. मोळी वर उचलायची असते आणि लावणीत खाली वाकायचे असते. पोटाच्या पडद्याला दोन्ही सारखेच.

त्याच मुलखात, तिरुनीलक्कुडीहून फार दूर नसलेल्या तंजावरात, दोनशे वर्षांपूर्वी सरफोजी राजे दुसरे या मराठी राजाने धन्वंतरी महाल चालवला होता. १७९८ ते १८३२ या त्याच्या कारकिर्दीत तेथे पाहिलेल्या नेत्ररुग्णांची टिपणे, त्यांच्या आजाराच्या आणि उपचाराच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह जपल्या गेल्या आणि त्या आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत. राजा होता, हौस होती, पैसा होता, हे सर्व खरे. पण एका रुग्णाचे काय झाले हे कागदावर उतरवण्यासाठी हौसेपेक्षा अधिक काही लागत नाही. संगणकाच्या युगात, आधारक्रमांक आणि विमा-दावा या दोन्ही नोंदी हाताशी असताना, शस्त्रक्रियेच्या सहाव्या आठवड्यात रुग्ण कशी होती हे सांगणारी एक ओळ मिळू नये, याचे समर्थन कसे करणार?

विमा-दाव्याचा विषय निघालाच आहे. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस समाविष्ट आहेत. जखमेला सहा आठवडे लागतात आणि योजना दुसऱ्या आठवड्यात हात धुऊन घेते. कायद्याची कथा याहून मासलेवाईक. मातृत्व लाभाच्या कायद्यात गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची आणि कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतल्यास दोन आठवड्यांची पगारी रजा आहे. म्हणजे राज्यसंस्थेला स्त्रीचे गर्भाशय ठाऊक आहे, पण ते मूल देत असताना किंवा मूल देणे थांबवत असतानाच. गाठींमुळे रक्तस्राव होऊन तेच गर्भाशय काढावे लागले, तर कायदा तिला ओळखत नाही. आणि हा कायदा तरी कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेल्या बाईसाठी. कोयत्यातल्या निम्म्या वाट्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. टनामागे पैसे जमा करून ज्यांच्या कल्याणासाठी महामंडळ उभे राहिले, त्या ऊसतोड स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतरची सहा आठवड्यांची मजुरी त्याच निधीतून देता येईल. त्यासाठी नवा कायदा नको. एक शासननिर्णय पुरेसा आहे.

यंत्रणा नाही, ही सबबही चालणार नाही. नवजात बालकाच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम गावोगाव चालू आहे. आशा सेविका प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, बाळाचे वजन करते, आईची विचारपूस करते आणि वहीत नोंद घेते. बेचाळिसावा दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. त्याच सहा भेटी पोटावर टाके घेऊन आलेल्या बाईच्या घरी का होऊ नयेत? जखम पाहावी, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का हे विचारावे, अखेरच्या भेटीत हिमोग्लोबिन तपासावे आणि कामाला गेली असेल तर कोणत्या दिवशी गेली, ती तारीख लिहावी. त्या कामाचा मोबदला आशा सेविकेला मिळावा. आधीच वाकलेल्या तिच्या पाठीवर आणखी एक फुकटची मोळी नको. मुकादमाबरोबर परजिल्ह्यात गेलेल्या बाईची नोंद त्या जिल्ह्यातील आशाकडे जावी, आणि कारखान्याला गाळप परवाना देताना या नोंदी मागवल्या जाव्यात.

आज त्या वहीत असा रकानाच नाही. बेचाळिसाव्या दिवशी आशा सेविका वस्तीवर येते, बाळंतिणीच्या दारात थांबते, बाळाला काट्यावर ठेवते, आकडा लिहिते आणि निघते. शेजारच्या घरातली बाई तेव्हा पाण्याला गेलेली असते. तिचा अठरावा दिवस असतो.